फंक्शन एकच गोष्ट परत करतं, असं कोण म्हणालं?

हिंजवडीत डेटाबेसच्या कुठल्याही मुलाखतीला जा, फंक्शन आणि प्रोसिजर (दोन्ही म्हणजे डेटाबेसमध्ये नाव देऊन जतन केलेला कोड) यांत फरक काय, हा प्रश्न चुकत नाही. उत्तरही ठरलेलं असतं: ‘फंक्शन एक व्हॅल्यू परत करतं, प्रोसिजर एकही नाही किंवा कितीही.’ डेक्कनपासून कर्वेनगरपर्यंतच्या क्लासेसच्या नोट्समध्ये हे वाक्य वर्षानुवर्षं झेरॉक्स होत आलंय. मायएसक्यूएलपुरतं ते बरोबर आहे. पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर या तिघांच्या बाबतीत ते चूक आहे, आणि हे पाठ करून आलेली मुलं पुढे प्रोजेक्टवर फंक्शनला हात लावायलाच घाबरतात. मग ओळींची यादी हवी असली की तीच क्वेरी सहा ठिकाणी चिकटवली जाते.

फंक्शन अनेक ओळी परत करू शकतं. तसं केलं की ते एखाद्या टेबलासारखं वापरता येतं: फ्रॉमच्या पुढे लिहायचं, व्हेअर लावायचा, जॉइन करायचा. एवढं दोन मिनिटांत शिकून होतं. त्या ओळी बाहेर कशा येतात आणि डेटाबेसला फंक्शनच्या आतलं काय दिसतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. बरीचशी दुखणी तिथलीच असतात.

पुढची उदाहरणं पोस्टग्रेसची आहेत. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना त्या आणि त्यातले आकडे अर्थातच रोमन लिपीत.

पुणे मेट्रोचं एक साधं टेबल घेऊ. नाव ‘स्थानके’, कॉलम चार: मार्ग, क्रम, नाव आणि सुरू, म्हणजे स्थानक ज्या दिवशी प्रवाशांसाठी उघडलं ती तारीख. ॲक्वा मार्गावर वनाज पहिलं, मग आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळस्टॉप, गरवारे कॉलेज. ही पाच ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी जांभळ्या मार्गावर पिंपरी ते फुगेवाडी हा टप्पाही उघडला. १ ऑगस्ट २०२३ रोजी ॲक्वा मार्ग गरवारेपासून रुबी हॉलपर्यंत पोचला आणि जांभळा मार्ग फुगेवाडीहून सिव्हिल कोर्टापर्यंत. ६ मार्च २०२४ ला रुबी हॉल ते रामवाडी सुरू झालं. मधलं येरवडा स्थानक मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उघडलं. २९ सप्टेंबर २०२४ ला गाडी जमिनीखालून स्वारगेटला पोचली. तोवर सिव्हिल कोर्ट स्थानकाचं नाव जिल्हा न्यायालय झालेलं होतं.

प्रश्न साधा आहे: अमुक दिवशी कोणती स्थानकं चालू होती? तारीख बदलली की यादी बदलते. व्ह्यूला, म्हणजे नाव देऊन जतन केलेल्या क्वेरीला, पॅरामीटर देता येत नाही, म्हणून इथे फंक्शन लागतं.

बहुतेकांचा पहिला प्रयत्न असा असतो:

क्रिएट फंक्शन चालू_स्थानके(दिवस डेट)
रिटर्न्स टेक्स्ट
लँग्वेज एसक्यूएल
ॲज $$
  सिलेक्ट नाव फ्रॉम स्थानके
  व्हेअर मार्ग = 'ॲक्वा' अँड सुरू <= दिवस
  ऑर्डर बाय क्रम
$$;

हे बिनतक्रार तयार होतं. १ जानेवारी २०२३ ही तारीख देऊन चालवलं तर उत्तर येतं: वनाज. बस. आतल्या सिलेक्टने पाच ओळी दिल्या होत्या, पण ‘रिटर्न्स टेक्स्ट’ म्हणजे एकच टेक्स्ट असा करार झालेला आहे. त्यामुळे पोस्टग्रेस पहिली ओळ उचलतं आणि बाकीच्या चार सोडून देतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉगमध्ये ओळ नाही. आत ऑर्डर बाय नसता तर पहिली ओळ कोणती, याचीही हमी नसती. आज वनाज, उद्या टेबलात काही अपडेट झालं की आयडियल कॉलनी.

पीएलपीजीएसक्यूएलमध्ये (जर-तर, लूप लिहिता येणारी पोस्टग्रेसची भाषा) निकाल व्हेरिएबलमध्ये भरणारं ‘सिलेक्ट इंटू’ असंच मूग गिळून बसतं. त्यापुढे ‘स्ट्रिक्ट’ लिहिलं तरच एकाहून जास्त ओळी आल्याची तक्रार करतं. त्याच भाषेत ‘रिटर्न’पुढे कंसात अख्खी सबक्वेरी लिहिली, तर मात्र एकाहून जास्त ओळी आल्या म्हणून एरर येतो. चूक एकच, पण ती कुठे केली त्यावर डेटाबेस ओरडणार की गप्प राहणार हे ठरतं. ओरडणारा परवडला.

आता करार बदलू.

क्रिएट फंक्शन चालू_स्थानके(दिवस डेट)
रिटर्न्स टेबल (मार्ग टेक्स्ट, क्रम इंटिजर, नाव टेक्स्ट)
लँग्वेज एसक्यूएल स्टेबल
ॲज $$
  सिलेक्ट स.मार्ग, स.क्रम, स.नाव
  फ्रॉम स्थानके स
  व्हेअर स.सुरू <= दिवस
$$;

(जुनं फंक्शन आधी ड्रॉप करावं लागेल. परतीचा टाइप बदलायचा असेल तर ‘क्रिएट ऑर रिप्लेस’ चालत नाही.)

‘रिटर्न्स टेबल’ ही सोय पोस्टग्रेसमध्ये ८.४ आवृत्तीपासून, म्हणजे २००९ पासून आहे. त्याआधीपासून चालत आलेली पद्धत ‘रिटर्न्स सेटऑफ’. ‘सेटऑफ टेक्स्ट’ म्हटलं की टेक्स्टच्या कितीही ओळी, ‘सेटऑफ स्थानके’ म्हटलं की त्या टेबलाच्या आकाराच्या कितीही ओळी. टेबलातले सगळेच कॉलम हवे असतील तर सेटऑफ सुटसुटीत. निवडक किंवा हिशोब करून काढलेले कॉलम हवे असतील तर टेबल. ‘सेटऑफ रेकॉर्ड’ असा तिसराही प्रकार आहे. त्यात फंक्शन कॉलम जाहीरच करत नाही, म्हणून दर वेळी वापरणाऱ्याला कॉलमची नावं आणि टाइप लिहून द्यावे लागतात. अगदी नाइलाज असल्याशिवाय त्याच्या नादी लागू नये.

बोलवायचं असं:

सिलेक्ट * फ्रॉम चालू_स्थानके('२०२३-०१-०१')
व्हेअर मार्ग = 'ॲक्वा' ऑर्डर बाय क्रम;

वनाज ते गरवारे, पाच ओळी, तीन कॉलम. ऑर्डर बाय बाहेर लिहिलाय, कारण हा निकाल पुढे कशाशी जॉइन झाला की आतल्या क्रमाला कुणी बांधील नसतं. १० मार्च २०२४ तारीख दिली तर यादीत रामवाडी येते आणि येरवडा गळतं, तेही बरोबरच आहे.

फ्रॉम गाळून नुसतं ‘सिलेक्ट चालू_स्थानके(...)’ लिहिलं तर ओळी येतात, पण प्रत्येक ओळ एका कंसात कोंबलेली: (ॲक्वा,1,वनाज). हे बघून लोक कंसापुढे टिंब-तारा लावून कॉलम सुटे करतात. दिसायला निकाल बरोबर दिसतो. पण ती तारा उलगडताना पोस्टग्रेस प्रत्येक कॉलमसाठी फंक्शनची वेगळी हाक तयार करतं, म्हणजे तीन कॉलम तर तेच फंक्शन तीनदा. पंचवीस कॉलमच्या रिपोर्टात याचं काय होत असेल ते सांगायला नको. ओळी परत करणारं फंक्शन फ्रॉममध्येच लिहायचं, ही सवय एकदा लावून घेतली की हा प्रश्न उरत नाही.

फ्रॉममध्ये लिहिण्याचा आणखी एक फायदा असा की शेजारच्या टेबलातली प्रत्येक ओळ फंक्शनला पॅरामीटर म्हणून देता येते. समजा, ‘महिने’ नावाच्या टेबलात २०२२ च्या जानेवारीपासून प्रत्येक महिन्याची पहिली तारीख आहे आणि त्या त्या दिवशी किती स्थानकं चालू होती ते हवंय.

सिलेक्ट म.दिवस, काउंट(*)
फ्रॉम महिने म, चालू_स्थानके(म.दिवस) स
ग्रुप बाय म.दिवस ऑर्डर बाय म.दिवस;

ही ‘लॅटरल’ची कृपा, २०१३ च्या ९.३ आवृत्तीपासूनची. फंक्शनपुढे तो शब्द लिहिला नाही तरी चालतं. पण निकाल नीट बघा. पहिली ओळ एप्रिल २०२२ ची येते. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च गेले कुठे? त्या तिन्ही महिन्यांच्या एक तारखेला मेट्रो सुरूच झाली नव्हती, फंक्शनने शून्य ओळी दिल्या आणि शून्य ओळींशी जॉइन झाल्यावर महिन्याची ओळही गेली. आलेखात ते महिने शून्यावर दिसायला हवे होते, इथे ते अस्तित्वातच नाहीत. उपाय: ‘लेफ्ट जॉइन लॅटरल चालू_स्थानके(म.दिवस) स ऑन ट्रू’. आणि सोबत काउंट(*) बदलून काउंट(स.नाव) करायचं, नाहीतर रिकाम्या महिन्यापुढे शून्याऐवजी एक येतो, कारण लेफ्ट जॉइनने तिथे नलने, म्हणजे ‘किंमत नाही’ या खुणेने, भरलेली एक ओळ ठेवलेली असते आणि तारा ती ओळही मोजते. हे दोन्ही बदल एकत्रच करायचे. एकच केला तर आकडा जास्त फसवा होतो.

आतापर्यंतचं काम एका सिलेक्टमध्ये भागलं. आता नळस्टॉपहून मंडईला जायचंय. मंडई जांभळ्या मार्गावर, म्हणजे जिल्हा न्यायालयाला उतरून गाडी बदलायची. फंक्शनने स्थानकांची यादी क्रमाने द्यावी आणि मध्ये ‘इथे गाडी बदला’ अशी एक ओळही घालावी. इथे जर-तर आलं, म्हणून पीएलपीजीएसक्यूएल. या भाषेत ओळी परत करायचे दोन मार्ग आहेत: ‘रिटर्न नेक्स्ट’ एक ओळ देतं, ‘रिटर्न क्वेरी’ एका क्वेरीच्या सगळ्या ओळी देतं. दोन्हींच्या नावात रिटर्न असलं तरी फंक्शन तिथे संपत नाही. ओळी निकालात जमा होतात आणि पुढची आज्ञा चालू होते. म्हणून एका फंक्शनमध्ये एकामागून एक हवी तितकी रिटर्न क्वेरी लिहिता येतात:

क्रिएट फंक्शन प्रवास(पासून टेक्स्ट, पर्यंत टेक्स्ट)
रिटर्न्स टेबल (पायरी इंटिजर, नाव टेक्स्ट)

आणि बिगिनच्या आत, ढोबळमानाने: पहिल्या मार्गावर नळस्टॉपपासून जिल्हा न्यायालयापर्यंतच्या ओळी रिटर्न क्वेरीने द्या; दोन्ही स्थानकं एकाच मार्गावर नसतील तर पायरी आणि नाव यांत हव्या त्या किमती भरून रिटर्न नेक्स्टने एक सूचनेची ओळ द्या; मग दुसऱ्या मार्गावर जिल्हा न्यायालयाच्या पुढच्या स्थानकापासून मंडईपर्यंतच्या ओळी पुन्हा रिटर्न क्वेरीने. ‘पुढच्या स्थानकापासून’ हे महत्त्वाचं, नाहीतर जिल्हा न्यायालय यादीत दोनदा येतं. स्वारगेटहून उलटं यायचं तर क्रम उतरता घ्यावा लागतो, तेही जर-तरच.

लिहायला घेतलं की तीन एरर जवळपास ठरलेले. पहिला, क्वेरीचा निकाल ठेवायला जागा नाही, अशा अर्थाचा. कारण: ‘रिटर्न क्वेरी’ हे दोन शब्द विसरून आत नुसतं सिलेक्ट लिहिलं. एसक्यूएल सर्व्हरवरून आलेल्यांचा हात हमखास इथे चुकतो, कारण तिकडे प्रोसिजरमध्ये नुसतं सिलेक्ट लिहिलं की निकाल आपोआप बाहेर जातो.

दुसरा, ‘नाव’ हा कॉलम संदिग्ध आहे. रिटर्न्स टेबलमध्ये लिहिलेलं प्रत्येक कॉलमचं नाव फंक्शनच्या आत व्हेरिएबल होऊन बसतं. त्यामुळे आतल्या क्वेरीत नुसतं ‘नाव’ लिहिलं तर टेबलातलं की व्हेरिएबल, हे डेटाबेस ठरवत नाही. ‘स.नाव’ असं टेबलाचं टोपणनाव लावून लिहिलं की प्रश्न मिटतो. वरच्या एसक्यूएल फंक्शनमध्ये मी गरज नसताना ते लावलंय ते याचसाठी, हाताला वळण राहावं म्हणून.

तिसरा जास्त छळतो: क्वेरीचा आकार फंक्शनच्या परतीच्या टाइपशी जुळत नाही. पायरी क्रमांक काढायला आपण ‘रो_नंबर’ वापरतो, ते परत करतं बिगइंट (मोठा पूर्णांक), आणि आपण जाहीर केलंय इंटिजर. काउंटचंही तेच. माणसाच्या दृष्टीने दोन्ही आकडेच, पण रिटर्न क्वेरी टाइपच्या बाबतीत सदाशिव पेठेतल्या पाटीइतकी स्पष्ट आहे. एक तर क्वेरीत इंटिजरमध्ये कास्ट करा, नाहीतर वर बिगइंट जाहीर करा. व्हारकॅर आणि टेक्स्ट यांच्यातही असाच खटका उडतो.

आता ओळी बाहेर येतात कशा, ते बघू.

‘रिटर्न नेक्स्ट’ हे नाव ऐकून वाटतं की एक ओळ तयार झाली की लगेच बाहेर जात असेल. पीएलपीजीएसक्यूएलमध्ये तसं होत नाही. फंक्शन शेवटपर्यंत चालतं, सगळ्या ओळी एका जागी साठतात आणि मग क्वेरीच्या हाती पडतात. साठवणीला मेमरी ‘वर्क_मेम’ या सेटिंगइतकी मिळते. ते मुळात ४ एमबी असतं. त्याहून जास्त झालं की तात्पुरत्या फाइली डिस्कवर लिहिल्या जातात. पंगतीत कढईतली गरम भजी थेट पानात पडणं वेगळं आणि शेवटचा घाणा निघेपर्यंत परात झाकून ठेवून मग वाढायला घेणं वेगळं. पोस्टग्रेसची रीत परातीची. आता कुणी दहा लाख ओळी देणारं फंक्शन लिहून बाहेर ‘लिमिट १०’ लावलं, तर त्याला वाटतं दहाच ओळींचं काम झालं. प्रत्यक्षात दहा लाख तयार झाल्या, साठल्या, त्यातल्या दहा उचलल्या गेल्या. व्हेअरचंही तसंच: बाहेरची अट फंक्शनच्या आत पोचत नाही, आधी सगळं शिजतं आणि मग गाळलं जातं.

तेच काम एका सिलेक्टच्या, ‘लँग्वेज एसक्यूएल’ फंक्शनमध्ये असेल तर चित्र पालटतं. प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग) ते फंक्शन उघडतो, आतलं सिलेक्ट बाहेर काढून मोठ्या क्वेरीत सबक्वेरीसारखं पेरतो आणि फंक्शन नावाचं काही शिल्लकच ठेवत नाही. मग बाहेरची ‘मार्ग = ॲक्वा’ ही अट थेट टेबलापर्यंत जाते, इंडेक्स असेल तर वापरला जातो, लिमिटही खरोखरीचं लिमिट होतं. यासाठी अटी आहेत. फंक्शन फ्रॉममध्ये बोलावलेलं हवं. आत एकच सिलेक्ट हवं. ते स्टेबल (डेटा न बदलणारं, एका क्वेरीपुरतं तेच उत्तर देणारं) किंवा इम्यूटेबल (कायमच तेच उत्तर देणारं) जाहीर केलेलं हवं. स्ट्रिक्ट नको (हा ‘सिलेक्ट इंटू’पुढचा नव्हे; पॅरामीटर नल असला की फंक्शन चालवायचंच नाही असा), ‘सिक्युरिटी डिफायनर’ (बनवणाऱ्याच्या अधिकारांनी चालणारं) नको, फंक्शनला चिकटवलेलं, सेटिंग बदलणारं कुठलं ‘सेट’ नको.

यातली स्टेबलची अट सगळ्यात जास्त विसरली जाते, कारण काहीच लिहिलं नाही तर पोस्टग्रेस फंक्शनला व्होलाटाइल समजतं. व्होलाटाइल म्हणजे दर हाकेला वेगळं उत्तर देऊ शकणारं, डेटा बदलूही शकणारं. अशाला उघडून क्वेरीत मिसळणं धोक्याचं, म्हणून प्लॅनर हात लावत नाही. आपलं चालू_स्थानके नुसतं वाचतं. तिथे ‘स्टेबल’ हा एक शब्द नसला तरी निकाल तोच येतो, फक्त उशिरा. म्हणून तर ते कुणाच्या लक्षात येत नाही.

खात्री करायची तर क्वेरीच्या आधी ‘एक्सप्लेन’ लावा. प्लॅनमध्ये ‘फंक्शन स्कॅन ऑन चालू_स्थानके’ असं दिसलं तर फंक्शन बंद पेटीसारखं चाललंय. त्याऐवजी ‘स्थानके’ या टेबलाचा स्कॅन आणि खाली तारखेची अट दिसली, तर ते विरघळलंय. फंक्शन स्कॅनच्या ओळीत आणखी एक गोष्ट दिसते: अंदाजित ओळी १०००. हा आकडा कुठून आला? कुठूनच नाही. पेटी बंद असल्यामुळे प्लॅनरला आत किती आहे ते कळत नाही, आणि फंक्शन लिहिणाऱ्याने काही सांगितलं नसेल तर तो हजार धरतो. आपल्या मेट्रोच्या यादीला हा अंदाज फार जास्त, पण त्याने कुणाचं बिघडत नाही. उलट बाजू वाईट. फंक्शन पाच लाख ओळी देतंय आणि प्लॅनर हजार समजतोय, मग तो नेस्टेड लूप निवडतो आणि समोरच्या टेबलात पाच लाख वेळा शोधत बसतो. फंक्शन विरघळण्यासारखं नसेल तर निदान त्याच्या व्याख्येत ‘रोज ५०००००’ असा अंदाज लिहून द्यावा. तो अगदी अचूक नसला तरी चालतो, हजार आणि पाच लाख यांतला फरक कळला की पुरे.

म्हणून माझं मत असं: एका सिलेक्टमध्ये बसणारं काम पीएलपीजीएसक्यूएलमध्ये लिहू नये. ती भाषा वाईट आहे म्हणून नव्हे. ‘प्रवास’सारख्या फंक्शनला तीच योग्य, आणि त्यातून आठ-नऊ ओळी निघणार असतील तर साठवणुकीची चिंता कुणी करू नये. पण पुष्कळ टीममध्ये फंक्शन म्हटलं की बिगिन-एंड लिहायचंच, अशी पद्धत पडलेली असते. आत एकच रिटर्न क्वेरी, वर-खाली बिगिन-एंड. ते बिगिन-एंड काढून भाषा बदलली तर पुष्कळदा इंडेक्स वाढवण्यापेक्षा जास्त फरक पडतो.

ओरॅकलवाल्यांकडे याची वेगळी तऱ्हा. तिथे २००१ च्या ९आय आवृत्तीपासून ‘पाइपलाइन्ड’ फंक्शन आहेत. ‘पाइप रो’ म्हटलं की ओळ खरोखरच पुढे जाते, फंक्शन संपायची वाट बघत नाही. बदल्यात आधी ओळीचा टाइप आणि मग तशा ओळींच्या संग्रहाचा टाइप जाहीर करण्याचा उपद्व्याप करावा लागतो. शिवाय एक खाच आहे. बाहेरच्या क्वेरीला पुरेशा ओळी मिळाल्या की ओरॅकल आत ‘नो_डेटा_नीडेड’ नावाचं एक्सेप्शन टाकून फंक्शन थांबवतं. एरवी ते कळतही नाही. पण आपण ‘व्हेन अदर्स’ लिहून प्रत्येक एक्सेप्शन लॉग करत असू तर काही बिघडलेलं नसताना लॉग एररनी भरतो.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये आपल्या विरघळणाऱ्या आणि बंद पेटीच्या फरकाला सरळ दोन वेगळे प्रकारच आहेत. इनलाइन टेबल फंक्शन म्हणजे एक रिटर्न, आत एक सिलेक्ट, प्लॅनरला सगळं दिसतं. मल्टी-स्टेटमेंट प्रकारात टेबल व्हेरिएबल भरून ते परत करायचं. या दुसऱ्याबद्दल प्लॅनर पूर्वी एकच ओळ धरायचा, २०१४ च्या आवृत्तीपासून शंभर. २०१७ पासून तो फंक्शन आधी चालवून, ओळी मोजून, मग पुढचा प्लॅन ठरवू शकतो. आपल्या महिन्यांच्या उदाहरणातल्या लॅटरलसाठी तिथे ‘क्रॉस अप्लाय’ आणि ‘आउटर अप्लाय’ आहेत. गळालेल्या महिन्यांची भानगड तिथेही तशीच, आणि आउटर हेच औषध.

मायएसक्यूएलमध्ये फंक्शनच्या आत निकाल देणारं सिलेक्ट लिहिलं तर १४१५ नंबरचा एरर देऊन ते फंक्शन तयारच करत नाही. प्रोसिजर ओळी देऊ शकते, पण त्या थेट ॲप्लिकेशनकडे जातात. प्रोसिजर फ्रॉममध्ये लिहिता येत नाही, म्हणून जॉइनही नाही. यादी जेसन (डेटा मजकुरात मांडायचा एक प्रकार) करून एक व्हॅल्यू म्हणून परत करायची आणि ८.० मधल्या ‘जेसन_टेबल’ने पुन्हा ओळी पाडायच्या, अशी वाट काढता येते. पोस्टग्रेसमध्येही कुणी कुणी यादीचा ॲरे किंवा जेसन परत करतात. ती मोबाइल ॲपला द्यायची असेल तर काहीच हरकत नाही; डेटाबेसच्या आतच पुढे जॉइन करायची असेल तर आपणच गाठ मारून आपणच सोडवल्यासारखं होतं.

पोस्टग्रेसमध्ये ‘रेफकर्सर’, म्हणजे ओळींऐवजी त्या उचलायच्या कर्सरचं नाव, परत करण्याचीही सोय आहे. वेगवेगळ्या आकाराचे दोन-तीन निकाल एकाच हाकेत द्यायचे असतील, किंवा प्रचंड निकाल थोडा थोडा उचलायचा असेल, तर ती कामाची. कर्सर ट्रान्झॅक्शन संपताच मिटतो, म्हणून हाक आणि फेच दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हवेत. रोजच्या कामात हे फारसं लागत नाही.

एक निर्णय मात्र प्रत्येक फंक्शनमागे घ्यावा लागतो, आणि तो सहसा कुणी घेत नाही: शून्य ओळी आल्या तर काय? ‘प्रवास’ला कुणी ‘नळ स्टॉप’ असं मध्ये जागा सोडून नाव दिलं. टेबलात ‘नळस्टॉप’ आहे. जुळणारं काही सापडलं नाही, रिटर्न क्वेरीने शून्य ओळी दिल्या आणि फंक्शन खुशाल संपलं. ॲपच्या स्क्रीनवर कोरी यादी. फोन धरणाऱ्याला वाटणार की नळस्टॉपहून मंडईला मेट्रोच नाही. रिटर्न क्वेरीनंतर ‘फाउंड’ नावाचं व्हेरिएबल ओळी मिळाल्या की नाही ते सांगतं. तिथे ‘इफ नॉट फाउंड’ लिहून ‘रेज एक्सेप्शन’ने ‘असं स्थानक नाही’ म्हणून स्पष्ट सांगता येतं. पण हीच तपासणी डोळे मिटून ‘चालू_स्थानके’त घातली तर चूक. १ जानेवारी २०२२ ला शून्य स्थानकं चालू होती, ते खरं उत्तर आहे; तिथे एरर टाकला तर महिन्यांचा अख्खा रिपोर्ट पहिल्याच ओळीला कोसळेल. शिवाय ती तपासणी पीएलपीजीएसक्यूएलशिवाय लिहिता येत नाही, म्हणजे विरघळणंही गेलं. म्हणून ‘प्रवास’मध्ये ती घालायची आणि ‘चालू_स्थानके’ला शून्य ओळी देऊ द्यायच्या.